सात संगणक, एकच संदेश: धंतोलीतल्या एका सीए कार्यालयात रीडरच्या सँडबॉक्सचं प्रकरण

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. नागपुरातल्या धंतोलीत एक सनदी लेखापाल कार्यालय, सात संगणक, एक सामायिक सर्व्हर आणि त्याचा प्रत्येक यंत्रावर जोडलेला झेड ड्राइव्ह. चार यंत्रांवर विंडोज १०, तिनांवर विंडोज ११. सगळीकडे ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर, पण एकसारखा नाही: काही यंत्रांवर जुना ३२ बिटचा, काहींवर ६४ बिटचा. अँटिव्हायरसची मोठी आवृत्ती नुकतीच बदललेली, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हरही त्याच महिन्यात नव्याने टाकलेला. तक्रार मात्र सातही टेबलांवरून एकाच वाक्यात: "भाऊ, पीडीएफ उघडूनच नाही राहिली."

पडद्यावरचा संदेश असा: यंत्राच्या मांडणीशी विसंगती असल्यामुळे रीडर प्रोटेक्टेड मोडमध्ये उघडता येत नाही. प्रोटेक्टेड मोड म्हणजे पीडीएफ बंदिस्त जागेत, सँडबॉक्समध्ये, उघडण्याची रीडरची सोय. खाली तीन पर्याय. या वेळेपुरता प्रोटेक्टेड मोड बंद करून उघडा, कायमचा बंद करून उघडा, किंवा उघडूच नका. घाईच्या दिवसांत माणूस कोणता निवडतो हे सांगायला नको. बर्डीवरून आलेल्या दुरुस्तीवाल्याने सातही यंत्रांवर मधला पर्याय निवडला आणि एका यंत्रावर वरून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची टिक लावली. तरीही दोन ठिकाणी सही होत नव्हती आणि एका ठिकाणी झेड ड्राइव्हवरची फाइल सापडत नव्हती. याचा अर्थ सरळ होता. सँडबॉक्स बंद केल्यावरही जो दोष राहतो, तो निदान पूर्णपणे तरी सँडबॉक्सचा नव्हता. एका संदेशाखाली चार-पाच वेगळी दुखणी दबली होती.

सीए कार्यालयात हा मोड बंद ठेवणं इतर ठिकाणांपेक्षा जास्त महागात पडू शकतं. इथे दिवसभर परक्यांच्या पीडीएफ उघडल्या जातात: पक्षकारांची बँक विवरणं, ईमेलने आलेल्या नोटिसा, व्हॉट्सॲपवरून उतरवलेली बिलं. आणि त्याच यंत्रावरून शेकडो लोकांचे पॅन, आधार आणि ताळेबंद ठेवलेल्या झेड ड्राइव्हवर लिहिता येतं.

आत नेमकं काय घडतं

प्रोटेक्टेड मोड २०१० साली रीडर एक्सबरोबर आला. रीडर सुरू केला की एकाच नावाच्या किमान दोन प्रक्रिया चालू होतात. एक बाहेरची, तुमच्या नेहमीच्या अधिकारांची. तिला ब्रोकर म्हणतात. दुसरी आतली, कमी विश्वासाच्या पातळीवरची. पीडीएफ वाचण्याचं, चित्र रंगवण्याचं, जावास्क्रिप्ट चालवण्याचं काम ती करते. आतलीला स्वतःहून जवळपास काहीच उघडता येत नाही. फाइल हवी असेल, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) नोंद हवी असेल, तर तिची मागणी ब्रोकरकडे जाते आणि ब्रोकर यादी पाहून हो किंवा नाही म्हणतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकुनाला कुलूप लावून बसवलं आहे आणि दारावरचा नाझर चिठ्ठी वाचून कागद आत देतो आहे, असं समजा. पीडीएफमध्ये विष असलं तरी बाधा होते ती आतल्या कारकुनाला, तिजोरीला नाही.

विसंगती इथेच जन्मते. मागणी ब्रोकरकडे वळावी म्हणून ब्रोकर आतली प्रक्रिया थांबलेल्या अवस्थेत जन्माला घालतो, तिच्यातल्या विंडोजच्या मूळ हाकांवर (सिस्टिम कॉल्सवर) स्वतःची वळणं बसवतो आणि मगच तिला चालू करतो. अँटिव्हायरसलाही नेमकी तीच जागा हवी असते. टोकनचा ड्रायव्हर तर आपण मोकळ्या मैदानात आहोत असं गृहीत धरूनच लिहिलेला असतो. आतली प्रक्रिया नीट उभी राहिली नाही की ब्रोकरला कारण कळत नाही, एवढंच कळतं की ती गेली. म्हणून कारण काहीही असो, संदेश तोच.

आधी तक्ता, मग हात

पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतं, नोंदीचं होतं. प्रत्येक यंत्राला एक ओळ: विंडोजची आवृत्ती, रीडरची आवृत्ती आणि तो ३२ की ६४ बिटचा, अँटिव्हायरसची आवृत्ती आणि त्याचे कोणते भाग चालू आहेत, टोकनच्या ड्रायव्हरची आवृत्ती, विंडोजवर किती जणांची खाती आहेत. मग सातही ठिकाणी प्रोटेक्टेड मोड परत चालू केला. प्रेफरन्सेसमध्ये सिक्युरिटी एन्हान्स्ड या भागात सर्वांत वर ती टिक असते. रीडर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. चालू झाला की नाही हे टिकवर विश्वास ठेवून ठरवायचं नाही. कुठलीही पीडीएफ उघडून फाइल, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड इथे 'प्रोटेक्टेड मोड: ऑन' दिसतंय का ते पाहायचं. अजून खात्री हवी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये इंटिग्रिटी (विश्वासाची पातळी) हा स्तंभ लावायचा: बाहेरची प्रक्रिया मीडियम, आतली लो किंवा त्याहून बंदिस्त ॲपकंटेनर. दोन्ही मीडियम दिसल्या तर सँडबॉक्स नाही.

इथे पहिली मेख निघाली. 'कायमचा बंद' हा पर्याय यंत्रापुरता नसतो, विंडोजच्या त्या खात्यापुरता असतो. तिसऱ्या यंत्रावर सकाळी एक आर्टिकल्ड, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी, मुलगी बसते आणि संध्याकाळी दुसरा मुलगा. तिच्या खात्यात मोड चालू झाला, त्याच्या खात्यात बंदच राहिला. "सकाळी सही होत नाही, संध्याकाळी होते" या गूढाचा अर्धा उलगडा इथेच झाला.

मोड चालू केल्यावर सात यंत्रांची वाटणी अशी झाली. चौथं अगदी ठणठणीत. दोन, पाच आणि सहावर सुरू होतानाच विसंगतीचा संदेश. एक आणि तीनवर पीडीएफ उघडते, सही होत नाही. सातवर झेड ड्राइव्हची अडचण. ठणठणीत यंत्र हे अशा प्रकरणातलं सर्वांत मोलाचं साधन असतं. त्याला हात लावायचा नाही, फक्त त्याच्याशी ताडून पाहायचं.

दोन आणि सात: लवकर सुटलेली

दुसऱ्या यंत्रावर रीडरच्या मूळ प्रोग्रॅम फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटी टॅबवर, विंडोज ७ ची टिक होती. कधीकाळी कशासाठी तरी लावलेली आणि विसरलेली. ही टिक लागली की विंडोज त्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचे जोड घुसवतं आणि आपल्या आवृत्तीबद्दल त्याला खोटं सांगतं. सँडबॉक्स मात्र आवृत्ती पाहूनच पहारा मांडतो. टिक काढली, संदेश गेला. ही टिक शॉर्टकटवरून लावलेली असली तरी मूळ फाइलला लागते, आणि 'सर्व वापरकर्त्यांसाठी' वेगळी लावलेली असू शकते, दोन्ही पाहायच्या.

सातव्यावर ॲडमिनिस्ट्रेटरची टिक होती. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून चढवलेल्या प्रोग्रॅमची लॉगिन ओळख वेगळी धरली जाते, आणि साध्या ओळखीखाली जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसतच नाही. फाइल सर्व्हरवर जागच्या जागी होती, रीडर भलत्याच घरात शोधत होता. शिवाय ब्रोकरच ॲडमिनच्या अधिकाराने चालत असेल, तर सँडबॉक्समधून निसटलेल्याच्या हाती थेट ॲडमिनची किल्ली पडते. रीडरला ॲडमिन म्हणून चालवण्याची गरज नसते. कधीच नाही.

पाच आणि सहा: अँटिव्हायरसची घुसखोरी

चौथ्या यंत्रावरही हाच अँटिव्हायरस, हीच आवृत्ती. फरक तक्त्यात सापडला: चौथ्यावर त्याचा 'एक्स्प्लॉइट'पासून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्रुटींचा गैरफायदा घेणाऱ्या हल्ल्यांपासून, वाचवणारा भाग बसवलेलाच नव्हता. हा भाग ब्राउझर, ऑफिस आणि पीडीएफ रीडर यांच्या पोटात स्वतःची डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चढवायची कोडची फाइल) घालतो.

संशय पुरावा नसतो, म्हणून प्रक्रियांच्या हालचाली टिपणारा प्रोसेस मॉनिटर लावला. गाळणी एकच: प्रक्रियेचं नाव रीडरचं. त्यात पाहायच्या त्या 'लोड इमेज' आणि 'प्रोसेस एक्झिट' या क्रियांच्या ओळी, आणि 'ॲक्सेस डिनाइड' निकालाच्या. नवखे इथे हमखास फसतात. सँडबॉक्समधल्या प्रक्रियेला 'ॲक्सेस डिनाइड' शेकड्यांनी येतात, चौथ्या यंत्रावरही येतात; नाझराने नाही म्हणणं हेच तर त्याचं काम. प्रत्येक नकाराच्या मागे धावलं तर आठवडा जाईल. पाहायचं ते आतली प्रक्रिया मरण्याआधीच्या शेवटच्या काही ओळींत, आणि त्यातलेही जे नकार ठणठणीत यंत्रावर नाहीत तेवढेच. पाच आणि सहावर शेवटी सारखाच क्रम दिसला: अँटिव्हायरसची डीएलएल आत शिरते, आपल्याच सेवेशी बोलायला एक नेम्ड पाइप (दोन प्रक्रियांमधली बोलण्याची वाट) उघडायला जाते, नकार मिळतो, पुढच्या क्षणी प्रक्रिया संपते.

चाचणी अशी केली. नेटवर्कची तार काढली, अँटिव्हायरसचा फक्त तेवढा भाग बंद केला, स्वतः तयार केलेली एक साधी पीडीएफ उघडली. उघडली. भाग चालू केला, तार लावली. मग अँटिव्हायरसच्या केंद्रीय पटलावर फक्त त्या भागापुरता रीडरला अपवाद दिला. फाइल तपासणीतून वगळलं नाही, ईमेल तपासणीतून वगळलं नाही. 'रीडरचं अख्खं फोल्डर अपवादात टाका' असा सल्ला फोनवर सर्रास मिळतो. तो घेऊ नये.

पाचवं सुरू झालं, सहावं नाही. कारण वाचून डोक्याला हात लावावा असं. अपवाद ॲक्रोआरडी३२ या नावाने लिहिला होता. ते ३२ बिट रीडरच्या प्रोग्रॅमचं नाव. ६४ बिटच्या रीडरचा प्रोग्रॅम ॲक्रोबॅट या नावाने चालतो आणि वेगळ्या फोल्डरात राहतो. दुसरा अपवाद लिहिल्यावर सहावंही मार्गी लागलं. विंडोजच्या स्वतःच्या एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनमध्येही प्रोग्रॅमवार सेटिंग असतं. तिथे रीडरच्या नावाने काही जुनं लिहून ठेवलेलं नाही ना, हे दोन्ही यंत्रांवर पाहून घेतलं. नव्हतं.

एक आणि तीन: सही

कार्यालयाचा खरा जीव अडकला होता इथे. कंपन्यांच्या फॉर्मवर, प्रमाणपत्रांवर टोकनने सही करायची आणि वर चढवायचं.

रीडरला टोकनपर्यंत पोचायचे दोन रस्ते आहेत. एक विंडोजच्या प्रमाणपत्र साठ्यातून: टोकन खोचलं की त्याचा ड्रायव्हर प्रमाणपत्र त्या साठ्यात मांडतो आणि रीडर तिथून उचलतो. दुसरा पीकेसीएस ११ या मानकाचा: ड्रायव्हरची एक डीएलएल रीडरमध्ये हाताने जोडायची आणि रीडर तिच्याशी थेट बोलतो. दुसऱ्या रस्त्याची आणि सँडबॉक्सची फारशी मैत्री नाही, कारण ती डीएलएल थेट हार्डवेअरशी बोलू पाहते.

पहिल्या यंत्रावर सहीच्या यादीत प्रमाणपत्रच दिसत नव्हतं. प्रेफरन्सेस, सिग्नेचर्स, आयडेंटिटीज अँड ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, मोअर या वाटेने गेल्यावर पीकेसीएस ११ खाली जुन्या ड्रायव्हरची ३२ बिट डीएलएल जोडलेली दिसली. रीडर मात्र मधल्या काळात ६४ बिट झाला होता. ६४ बिट प्रक्रियेत ३२ बिट डीएलएल चढत नाही, सँडबॉक्स असो वा नसो. जोडणी काढून टाकली. सर्टएमजीआर, म्हणजे विंडोजच्या प्रमाणपत्र साठ्याची खिडकी, उघडून 'पर्सनल' खाली टोकनचं प्रमाणपत्र आहे याची खात्री केली आणि विंडोज डिजिटल आयडीज या यादीतून सही केली. झाली. पोर्टलवरून उतरवलेल्या फॉर्मवर वर पिवळी पट्टी येत होती, ती प्रोटेक्टेड व्ह्यूची. हा वेगळा प्रकार आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज शिक्का मारतं, तो पाहून रीडर सही करू देत नाही. फॉर्मसाठी एक वेगळं फोल्डर करून ते प्रिव्हिलेज्ड लोकेशन्समध्ये (रीडरच्या विश्वासू जागांच्या यादीत) घातलं. डाउनलोड्स हे फोल्डर तिथे घालायचं नाही; जगातलं सगळं आधी तिथेच उतरतं.

तिसरं यंत्र चिवट निघालं. प्रमाणपत्र दिसतं, सही निवडली की रीडर गोठतो, पिनची चौकट येतच नाही. आधी अल्ट-टॅब करून पाहिलं, कारण ही चौकट रीडरच्या मागे लपलेली अनेकदा सापडते. नव्हती. मग ॲपकंटेनरची टिक काढून पाहिली. प्रोटेक्टेड मोड बंद न करता कडकपणा एक पायरी खाली आणता येतो हे फारसं कुणाला माहीत नसतं. इथे फरक पडला नाही, म्हणून टिक परत लावली.

आता लॉग. त्याच सिक्युरिटी एन्हान्स्डमध्ये 'क्रिएट प्रोटेक्टेड मोड लॉग फाइल' ही टिक आहे. ती लावायची, रीडर बंद करून उघडायचा, अडणारं काम एकदाच करायचं, रीडर बंद करायचा, लॉग वाचायचा. प्रत्येक नकाराची नोंद तीन भागांत येते: कोणती हाक नाकारली, कोणत्या मार्गावरची वस्तू हवी होती, आणि कोणता नियम लिहिला तर वाट मोकळी होईल. हा तिसरा भाग म्हणजे सोय आणि सापळा दोन्ही. लॉग सुचवतो, शिफारस करत नाही.

सुचवणी अकरा निघाल्या. सात ठणठणीत यंत्रावरही होत्या, म्हणून बाद. उरल्या चार, त्यातल्या दोन एकाच फोल्डरासाठी: टोकनचा ड्रायव्हर प्रोग्रॅमडेटामध्ये स्वतःची नोंदवही लिहू पाहतो. तिसरी, ड्रायव्हरच्या एका म्यूटेक्ससाठी, म्हणजे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी टोकनला हात लावू नयेत म्हणून ठेवलेल्या सामायिक खुणेसाठी. चौथी सर्वांत धोक्याची: टोकनचं छोटं ट्रेमधलं साधन सँडबॉक्समधून सुरू करायची परवानगी. असा नियम दिला की तो प्रोग्रॅम सँडबॉक्सबाहेर, पूर्ण अधिकारांनी सुरू होतो. तो दिलाच नाही. त्याऐवजी ते साधन विंडोजच्या लॉगिनबरोबरच सुरू होईल असं केलं. आधीच चालू असलं की रीडरला ते सुरू करावं लागत नाही.

नियम लिहायला दोन गोष्टी लागतात. पहिली, रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली (अख्ख्या यंत्राला लागू होणाऱ्या शाखेत) सॉफ्टवेअर, पॉलिसीज, ॲडोबी, मग रीडरचं नाव, डीसी, फीचरलॉकडाउन या वाटेवर 'बी यूज व्हाइटलिस्ट कॉन्फिग फाइल' या नावाचं डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद), किंमत १. नाव रोमनमध्ये सलग, पहिलं बी लहान. ३२ बिटला वाटेतलं नाव ॲक्रोबॅट रीडर, ६४ बिटला ॲडोबी ॲक्रोबॅट. चुकीच्या वाटेवर लिहिलं तर काहीच होत नाही आणि कुणी सांगतही नाही. दुसरी, रीडरच्या प्रोग्रॅमशेजारी ठेवायची 'प्रोटेक्टेड मोड व्हाइटलिस्ट कॉन्फिग' नावाची मजकूर फाइल, हेही नाव सलग. नोटपॅडमध्ये तयार करताना विस्तार (.txt) चुकून दोनदा चिकटतो आणि विंडोज तो लपवतं, मग तासभर जातो. फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक नियम: नियमाचं नाव, बरोबरचं चिन्ह, मार्ग. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ टिप्पणी धरली जाते.

आधी एकटा म्यूटेक्सचा नियम घातला, म्यूटंट-अलाउ-एनी हा, लॉगमधून उचललेल्या नेमक्या नावासह, तारांकन न लावता. रीडर पुन्हा सुरू केला. पिनची चौकट आली, सही झाली. नोंदवहीच्या फोल्डराला वाट न देताही काम चाललं, म्हणून ती दिली नाही. ड्रायव्हरला नोंद लिहिता येत नाही, तर न लिहो. चारही सुचवण्या एकदम चिकटवल्या असत्या तरी सही झालीच असती, पण कोणत्या नियमाने झाली हे कधी कळलं नसतं आणि तीन भोकं विनाकारण राहिली असती.

सही झाल्यावर तिच्याशेजारी पिवळं प्रश्नचिन्ह आलं आणि कार्यालयात पुन्हा "होऊन नाही राहिलं" सुरू झालं. याचा सँडबॉक्सशी संबंध नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर लोकांना दिसतं तेच हे चिन्ह: भारतातल्या सह्यांची साखळी ज्या मूळ प्रमाणपत्रावर संपते, सीसीए इंडियाच्या (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाच्या), त्यावर हा रीडर अजून विश्वास ठेवत नाही एवढाच त्याचा अर्थ. सहीवर उजवी क्लिक, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवा, साखळीतलं सर्वांत वरचं निवडा, ट्रस्ट टॅबवरून विश्वासार्ह यादीत घाला, मग सही पुन्हा तपासा.

कुलूप

सातही यंत्रं चालू झाल्यावर शेवटचं काम म्हणजे तो मधला पर्यायच काढून घेणं. फीचरलॉकडाउनच्या त्याच वाटेवर 'बी प्रोटेक्टेड मोड' हे डीवर्ड १ केलं. हे यंत्राच्या पातळीवर असल्याने कोणत्याही खात्यातून मोड बंद करता येत नाही आणि आधी खात्यात पडून असलेलं ० चालत नाही. हे कुलूप पहिल्याच दिवशी लावायचं नसतं. दोष शोधताना मोड बंद-चालू करून पाहावं लागतं, आणि कुलपामुळे तीच चाचणी अडते.

मग प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक खात्यातून, एकच फेरी: प्रॉपर्टीजमध्ये 'ऑन', झेडवरची फाइल उघडून सेव्ह, ईमेलमधली पीडीएफ, एक छपाई, टोकन असलेल्या ठिकाणी एक सही. तिसऱ्या यंत्रावर ही फेरी दोन्ही खात्यांतून केली. नियमांच्या फाइलची एक प्रत सर्व्हरवर ठेवली, कारण रीडर काढून पुन्हा टाकला तर मूळ फाइल जाऊ शकते. फाइलच्या डोक्यावर अर्धविराम देऊन तारीख, टोकनच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि नियम कशासाठी आहे ते लिहिलं.

पाच आणि सहावरचे अपवाद तात्पुरते धरले आहेत. प्रोसेस मॉनिटरची नोंद अँटिव्हायरसवाल्यांकडे पाठवली आहे. त्यांची पुढची आवृत्ती आली की पाचव्या यंत्रावर आधी अपवाद काढून पाहायचा, तिथे रीडर नीट उघडला तरच सहाव्यावर.